आवाज बसला

आमच्या वाचनालयाच्या खाली साउंड सर्व्हिस होती. शहापुरात जागा मिळेल तशी घ्यावी लागते, त्यामुळे वर 'शांतता राखा'ची पाटी आणि खाली बाळाराम फर्डेचे कर्णे, अशी आमची रचना होती. मी वर ग्रंथपाल. पुस्तक बदलायला आलेल्या माणसाला जिन्याशीच 'हॅलो, हॅलो, चेक' ऐकू येई आणि बरेच जण तिथेच थांबून पुस्तकाची चौकशी करत. बाळाराम त्यांना बोट वर करून दाखवायचा. "वर जा. तिथं बोलायचं नसतं. बोलायचं असंल तर माझ्याकडं या."

बाळाराम बुटका आणि रुंद होता, त्याच्याच जुन्या स्पीकरसारखा. शर्टाच्या खिशात एक टेस्टर आणि गुंडाळी करून ठेवलेली पांढरी नाडी. ही नाडी बायकोच्या परकराची आहे हे कोणी न विचारताच तो सांगायचा, आणि ती का बाळगतो हे मात्र विचारल्याशिवाय सांगायचा नाही.

जगातल्या सगळ्या गोष्टींवर त्याचे दोनच निकाल असत. 'बसला' आणि 'नाय बसला'. आपल्या भाषेत हा शब्द तसा बेभरवशाचा. फरशी बसली तर गवंडी चांगला, भिंत बसली तर तोच गवंडी वाईट. धंद्यात जम बसतो आणि मग एक दिवस धंदाच बसतो. गाणाऱ्याचा आवाज बसला की लोक त्याला खडीसाखर देतात. बाळाराम हा शब्द एकाच अर्थाने वापरायचा. माणसाच्या किंवा वाद्याच्या तोंडातून निघालेला आवाज माइकात शिरून बाहेर आला आणि तरी तो त्याचाच वाटला, म्हणजे बसला.

शाळेच्या पटांगणात भरणाऱ्या आमच्या व्याख्यानमालेला माइक त्याचाच असे. एका वर्षी 'संस्कृती आणि मौन' या विषयावर बोलायला एक मोठे वक्ते आले होते. मौनावर ते इतकं बोलले की समोरच्या रांगेतले दोन विश्वस्त खरोखरच मौनात गेले आणि घोरू लागले. मी मागे बाळारामजवळ जाऊन हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

"आवाज बसला," तो म्हणाला. "आता माणूस बसला की झालं."

मोठ्या माणसांबद्दल त्याला राग नव्हता, पण ती मंडळी माइकाशी कशी वागतात यावरून तो त्यांची पारख करायचा. माइक हातात आल्यावर दोन बोटांनी त्यावर टकटक करणारा माणूस त्याच्या लेखी संपला. असल्या पाहुण्याजवळ तो व्यासपीठावर चढून जायचा आणि कानाशी वाकून अदबीने सांगायचा, "साहेब, ठोकू नका. तो ऐकतोय."

त्याच्याकडे चांगले माइक चार होते. मुंबईत एक जुना स्टुडिओ मोडला तेव्हा आणलेले. हे चार त्याने कधी भाड्याने दिले नाहीत. पलंगाखाली पेटीत, नाचणीच्या कोरड्या पिठाच्या डब्याशेजारी ठेवलेले असत. हवेत ओल धरली तर पीठ आधी सांगतं, असं तो म्हणे. एकदाच, एका उद्घाटनाला माइक कमी पडले म्हणून त्यातला एक बाहेर काढला, आणि तेवढ्यात एका पुढाऱ्याने तो टाळ्या वाजवताना व्यासपीठावरून खाली पाडला. त्या माइकातून पुढे फक्त तळणीसारखा आवाज यायचा. बाळारामने तो फेकला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "भाषणात गेला. हुतात्मा म्हना."

उरले तीन.

मग डीजेचे दिवस आले. दोन गाड्यांवर स्पीकरच्या भिंती रचून लग्नघरापुढे अशा उभ्या करायच्या, की पलीकडच्या पाड्यातल्या कौलांची माती गळावी. बाळारामला सगळ्यांनी सांगितलं, कर्ज काढ, भिंत घे. त्याने घेतली नाही. "आवाज कानाला द्यायचा असतो. ते लोक काळजाला देतात," असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाइकांना काळजालाच हवा होता. बाळारामच्या दुकानासमोर मग माणसं फक्त सावलीला उभी राहू लागली.

त्याला त्या काळात एकच ध्यास होता, काशिनाथचा ड्रमसेट.

काशिनाथ हरड टोकावड्याचा. बेंजो पार्टीत ड्रम वाजवायचा. आमच्या भागात हळदीला बेंजो पार्टी लागतेच. एक जण बेंजो छेडतो, एक कीबोर्डवर, ढोलकीवाला उभा, आणि मागे टेम्पोच्या हौद्यात ड्रमसेट. काशिनाथ दिसायला अगदी सुका होता आणि ड्रमच्या मागे तर फक्त त्याचे दोन हात आणि कपाळ दिसायचं. जोरात वाजवणारे पुष्कळ होते. काशिनाथची गोष्ट वेगळी. हळद लावायच्या वेळी म्हाताऱ्या धवले, म्हणजे लग्नविधीची जुनी गाणी, गायला बसतात. त्यांचे गळे थकलेले, शब्द जुने, अर्ध्या तरुणांना न कळणारे. बाकीच्या पार्ट्या तेव्हा एकतर वाजवतच राहायच्या नाहीतर चहाला जायच्या. काशिनाथ हात उतरवायचा. इतका, की बास ड्रम तुम्हाला ऐकू येण्याऐवजी जाणवायचा, आणि त्यावर त्या म्हाताऱ्यांचा सूर उचलून धरल्यासारखा वर यायचा. मी हे दोनदा ऐकलं आहे. बाळारामने किती वेळा ऐकलं असेल त्याला हिशेब नाही. तो हळदीचं आमंत्रण नसलं तरी जायचा.

पण पार्ट्यांमधून ड्रमसेट जाऊ लागला होता. त्याच्या जागी पॅड आलं. ताटाएवढी एक पाटी, तिच्यावर रबराचे चौकोन. काठीने टिचकी मारली की आत साठवलेला ड्रम वाजतो. टेम्पोत जागा लागत नाही, पावसात चामडं उतरत नाही. बाळाराम म्हणायचा, "काशाचा हात कुठंतरी राहिला पायजे, सर. मानूस काय, जातंय." तालुक्यात ज्याच्या हातात पुस्तक दिसतं त्याला सर म्हणतात, त्या न्यायाने मी सर.

मी म्हणालो, "तीन माइकांत ड्रमसेट रेकॉर्ड होतो का? पुस्तकात तर प्रत्येक ड्रमला वेगळा माइक दाखवतात."

"पुस्तकात काय, लग्न पन सुखाचं दाखवतात."

जागा त्याने शोधली टोकावड्याच्या बंद पडलेल्या भातगिरणीत. उंच छप्पर, जाड भिंती आणि कोपऱ्यात तुसाने भरलेली पोती. दिवस निवडला तो विजेच्या दुरुस्तीचा, म्हणजे ज्या वारी सकाळपासून वीज जाते तो. त्या दिवशी पंपही बंद, पिठाच्या चक्क्याही बंद, कोणाच्या घरी टीव्ही नाही. बाळारामचं रेकॉर्डिंगचं यंत्र बॅटरीवर चालायचं. सगळा तालुका वीजमंडळाला शिव्या देत असताना हा एकटा माणूस खूश होता.

तिथे मला नाडीचा उलगडा झाला. एक माइक त्याने ड्रमच्या डोक्यावर लावला, दुसरा काशिनाथच्या उजव्या खांद्यामागून डोकावणारा, तिसरा बास ड्रमच्या तोंडासमोर. मग नाडीचं एक टोक मला तारांच्या ड्रमच्या, म्हणजे काशिनाथच्या गुडघ्यांमधल्या बसक्या ड्रमच्या, मधोमध धरायला लावलं आणि दुसरं टोक आधी एका वरच्या माइकाला, मग दुसऱ्याला नेऊन भिडवलं. दोन्हीकडे नाडी सारखीच ताणली गेली पाहिजे.

"ठोका दोघांनी एकाच टाइमला ऐकला पायजे," तो म्हणाला. "नायतर बांधाच्या भांडनात दोन भाऊ दोन साक्षी देतात तसं व्हतं. दोन्ही खऱ्या आनि निकाल लागत नाय."

पोती इकडून तिकडे हलवण्यात सकाळ गेली. तुसाचं पोतं भिंतीशी ठेवलं की गिरणीचा घुमारा कमी व्हायचा, काढलं की वाढायचा. मला त्यातला फरक कळला नाही. बाळारामने मला दाराशी उभं केलं. "तुमी इथं पुस्तकावानी उभे रावा. कोनी उघडल्याशिवाय बोलू नका."

काशिनाथ वाजवायला बसला आणि दोघांचं लगेच वाजलं.

"काशा, झांज एवढी नको रे मारू. वरचे दोन्ही माइक तिच्याच डोक्यावर हायेत."

"मग माइक हलव."

"माइक हलवला तर बाकीचं जातं. तू हात हलव."

"मी काय तुझ्या माइकाची मर्जी राखाया आलोय?"

"आलायस. दहा माइक असते तर तुझी झांज मी मागनं दाबली असती. तीनात सगळं कालवून येतं. कालवलेल्या भातातनं मीठ काढता येत नाय. तूच बेतानं घाल."

काशिनाथ पुटपुटला, पण हात हलका केला. मग चेकिंग झालं. बाळाराम एकेक ड्रम एकटा वाजवायला लावत होता. आधी हळू, मग त्याहून जोरात, मग पूर्ण हाताने. आणि प्रत्येक ठोका हवेत पूर्ण विरेपर्यंत पुढचा मारायचा नाही. त्या रिकाम्या गिरणीत झांजेचा आवाज विरताना मी पाहिला, असंच म्हणावंसं वाटतं. यंत्र चालू होतं. बास ड्रमची पाळी आली तेव्हा प्रत्येक ठोक्याच्या आधी एक बारीक 'कुई' येऊ लागली. पायाने दाबायचं पेडल कुरकुरत होतं.

बाळारामने गिरणीच्या फळीवरचा तेलाचा डबा शोधून आणला आणि वाकला. काशिनाथने पाय आडवा घातला.

"ऱ्हाऊ दे."

"अरे, कुई येते माइकात."

"येऊ दे. तेल दिलं की पाय घसरतो. त्या कुईवर मला कळतं पाय गेला म्हनून. एवढी वर्षं तिच्यावरच वाजवतोय."

बाळारामने डबा परत फळीवर ठेवला.

हात उतरवून वाजवायची वेळ आली तेव्हा अडचण वेगळीच निघाली. कोणी गायल्याशिवाय काशिनाथला हात उतरवता येईना. "कोनासाठी उतरवू?" तो म्हणाला. शेवटी त्याची बायको सुमन, जी भाकऱ्या घेऊन आली होती, तिला पोत्यावर बसवलं. सुमनवहिनी लाजल्या, डोक्यावरून पदर ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून धवला म्हणू लागल्या. त्यांच्यासाठी माइक उरला नव्हता. ड्रमच्या तीन माइकांत जेवढा शिरला तेवढाच त्यांचा आवाज आला, पलीकडच्या घरातून यावा तसा.

वाजवून झाल्यावर बाळारामने हेडफोन काशिनाथच्या कानाला लावला. काशिनाथ बराच वेळ ऐकत राहिला.

"हा मी हाय?"

"तूच."

"एवढं हळू वाजवतो मी?" त्याने बायकोकडे पाहिलं. "आनि ही एवढी बरी गाते?"

यंत्र बंद करून बाळाराम तुसाच्या पोत्यावर टेकला आणि म्हणाला, "बसला." मी त्याच्या तोंडून हा शब्द पुष्कळदा ऐकला होता, पण त्या दिवशी तो शब्द उच्चारताना त्याचा स्वतःचाच आवाज जरा बसला होता.

नंतरचे काही महिने तो जो भेटेल त्याला हे ऐकवायचा. पोस्टमनला, वकिलाला, माझ्या वाचकांना. लोक अर्धं मिनिट ऐकत आणि 'छान आहे, गाणं कधी सुरू होतं?' असं विचारत. एकदा कल्याणकडचा संतोष नावाचा पॅडवाला दुकानात आला. पस्तिशीचा, मर्यादशील माणूस. त्याने डोळे मिटून सगळं ऐकलं, सुरुवातीच्या चेकिंगसकट, आणि उठून बाळारामच्या पाया पडला.

"मामा, असा आवाज आमच्याकडं नाय कोणाकडं. मला द्याल?"

बाळारामकडे आयुष्यात प्रथमच कोणी त्याचं रेकॉर्डिंग मागत होतं. तो पेनड्राइव्ह शोधायला लागला. त्यात सगळं भरायला घेतल्यावर संतोष म्हणाला, "वाजवलेलं नको मामा. फक्त चेकिंग द्या. एकेक सुटा ठोका पॅडात टाकतो."

मी तिथे होतो. बाळारामला कळलं नाही असं नाही. तो थांबला, विचार केला, आणि त्याने त्याच्या परीने बरोबर वाटणारा निष्कर्ष काढला. नंतर मला म्हणाला, "बरं झालं. खोट्या ठोक्यात खरा गेला. आता लोकांच्या कानात काशाचा ड्रम बसंल. एकदा बसला की ते काशालाच बोलावतील बगा. आंबा चाखल्यावर कोन सरबत पितो?"

लोक सरबतच पितात. ते पाणी घातलं की वाढतं.

संतोषकडून ते दुसऱ्याकडे गेलं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. पुढच्या लगीनसराईत सरळगावजवळच्या एका वाडीत हळदीला आम्ही दोघे गेलो. रस्त्यावर उतरलो तोच शेताच्या पलीकडून ड्रम ऐकू आला. बाळाराम जागीच थांबला. त्याचा चेहरा उजळला.

"काशा हाय," तो म्हणाला. "कुई ऐकली?"

मला नव्हती ऐकू आली. तो बांधावरून जवळजवळ धावत गेला. मांडवात एक माणूस उभ्याने ताटाएवढ्या पाटीवर टिचक्या मारत होता. काशिनाथ मांडवाच्या कडेला पार्टीच्या टेम्पोत, चालकाच्या जागी बसला होता. हल्ली तो पार्टीचा टेम्पो चालवायचा.

"वळखलास काय रे?" काशिनाथने विचारलं. त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता, हेच वाईट होतं. "माझाच हाय. आज मी इथं वाजतोय, मुरबाडात वाजतोय, किन्हवलीत पन वाजतोय. जेवन तेवढं एकाच ठिकानी."

आत म्हाताऱ्यांनी धवला धरला. पॅडवाल्याने आवाज कमी करायचं बटण फिरवलं. आवाज लहान झाला खरा, पण उतरला नाही. दूर उभ्या असलेल्या माणसाने ओरडावं तसा तो लांबून ओरडतच राहिला. म्हाताऱ्यांनी दोन कडवी म्हटली आणि सोडून दिली.

बाळाराम जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने संतोषला फोन करून ते सगळं पुसून टाकायला सांगितलं. संतोष हसला नाही, हे त्याचं चांगलं. तो म्हणाला, "मामा, दळून झालेल्या पिठाचे तुमी परत तांदूळ मागताय."

त्यानंतर त्याला कुठेच जाता येईना. घरात बसलं तरी वाऱ्यावर कोणाची तरी हळद यायची, साखरपुडा यायचा, एखादी मिरवणूक यायची. इतरांना ठेका ऐकू यायचा, त्याला कुई. चहाचा कप तोंडाशी नेता नेता त्याचा हात थांबला की मी समजायचो. दुकानाचं शटर हळूहळू दुपारनंतरच वर जाऊ लागलं, मग आठवड्यातून एकदा.

मी निवृत्त होऊन मुलीकडे कल्याणला जायचं ठरलं, त्याच्या आदल्या आठवड्यात बाळाराम वर आला. वाचनालयात तो पहिल्यांदाच आला होता. पाटी वाचून त्याने आवाज खाली घेतला. "सर, टोकावड्याला येता? काशाला पुन्हा वाजवाया लावतो. आख्खं. चेकिंग नाय करायचं. वयनी गातील, तेवढं धरायचं." त्याच्या हातात माइकांची झिपची पिशवी होती आणि खिशात नाडी.

काशिनाथ घरी होता. पार्टीचा टेम्पोही विकला गेला होता आणि तो आता भिवंडीकडच्या एका गोदामावर राखणदार होता. सुटीला आला होता. अंगावर कंपनीचा निळा शर्ट. आम्हाला पाहून त्याने खाट ओढली. बाळारामने इकडचं तिकडचं काढलं, भाताचं विचारलं, आणि मग विषयावर आला.

काशिनाथ म्हणाला, "कशावर वाजवू?"

झांजा पितळेच्या भावात गेल्या होत्या. लहान ड्रमांची चामडी फाटली आणि त्यांचं पुढे काय झालं ते त्याला आठवत नव्हतं. बास ड्रम होता. तो पडवीत आडवा ठेवलेला, पुढचं चामडं काढून टाकलेलं, आत पेंढा.

बाळाराम उठून तिकडे गेला आणि खाली वाकला.

"हात घालू नका, भावजी," सुमनवहिनी आतून म्हणाल्या. "कोंबडी बसलीय."

आत खुडूक कोंबडी अंडी पोटाखाली घेऊन बसली होती. तिने मान वर करून बाळारामकडे पाहिलं आणि घशातल्या घशात कुरकुर केली. तो उकिडवा बसून राहिला. गिरणीत तिसरा माइक लावला होता तेवढ्याच अंतरावर त्याचं डोकं होतं.

"तुझं चेकिंग चांगलं झालं व्हतं पन," काशिनाथ मागून म्हणाला. त्याला धीरच द्यायचा होता. "गोदामातली पोरं पन मोबाइलवर लावतात. मी सांगतो, मी हाय. त्यांना नाय पटत."

पिशवीची झिप बाळारामने उघडली होती, पण माइक काही बाहेर काढले नाहीत. चहा झाला. सुमनवहिनींना त्याने धवला म्हणायला सांगितलं नाही, आणि त्याही आपण होऊन म्हणाल्या नाहीत.

आम्ही थांब्यावर येऊन उभे राहिलो. मला तसंच पुढे मुलीकडे कल्याणला जायचं होतं, त्याला मुरबाडला उतरून शहापूरला. रस्त्याच्या पलीकडे ढाब्यामागच्या पाड्यात मांडव दिसत होता. थोड्या वेळाने तिकडून ड्रम सुरू झाला. मी कान देऊन ऐकलं, आणि त्या दिवशी मलाही ती ऐकू आली. प्रत्येक ठोक्याच्या आधी, बारीक.

बाळाराम मैलाच्या दगडावर बसला होता.

"तेल दिलं पायजे व्हतं," तो म्हणाला.

गाडी आली. तो उठला नाही, मला हातानेच चढायला खुणावलं. खिडकीशी बसून मी मागे पाहिलं तेव्हा त्याने पिशवी मांडीवर घेतली होती. तिची झिप त्याने पूर्ण ओढून लावली, आणि वर दोन्ही हात पसरून ठेवले, तान्ह्याचे कान झाकावेत तसे.